कळशीची उजवी कड : एका विद्यार्थिनीचे प्रकरण

या लेखात मांडलेले प्रकरण सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, औंधपासून जवळच्या एका खेड्यातील माध्यमिक शाळेत सुरू झाले आणि सांगलीत पुढे गेले. प्रकरणातील विद्यार्थिनी पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडे चित्रकला शिकली. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा तिने 'अ' श्रेणीत पार केल्या. पुढे कलाशिक्षणासाठी सांगलीला गेल्यावर मात्र पहिल्याच सहामाहीत तिचे चित्र अर्ध्यावर अडू लागले, आणि ते का अडते याचा शोध घेता घेता मी माझ्या स्वतःच्या पेन्सिलीपाशी येऊन पोहोचलो. या गोष्टीला आता १५ वर्षांच्या आसपास होत आली. ती आज स्वतः कलाशिक्षिका आहे. हे लिहिण्यास तिची संमती आहे, परंतु तिचे आणि शाळेचे नाव मी देत नाही. तिचे शाळेतले १४ कागद मी जपून ठेवले होते, आणि पुढे जे म्हटले आहे त्याचा मुख्य आधार माझी आठवण नसून ते कागद आहेत.

परिसर आणि परीक्षा

औंधच्या आसपास चित्रकला शिकवणाऱ्याला आपण कोणत्या मातीत उभे आहोत हे विसरता येत नाही. १९०९ साली संस्थानच्या गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत. रामायणावरील त्यांची चित्रमालिका १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्री भवानी संग्रहालय उभे केले, जिथे राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रे आजही पाहता येतात. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार आणि वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांनी याच औंधमध्ये अनेक वर्षे काढली. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आले आणि राज्याचे कला संचालक झाले. ज्या रेखाकला परीक्षांविषयी मी लिहीत आहे त्या घेणारे कार्यालय ते हेच कला संचालनालय.

आमच्या शाळेची परिस्थिती मात्र कोणत्याही खेड्यातल्या शाळेसारखीच होती. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून चित्रकलेचे दोन तास, वर्गात ५० ते ६० मुले आणि सगळ्या शाळेला मिळून एक कलाशिक्षक. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. यांतला स्थिरचित्राचा कागद मुलांना सर्वांत अवघड जातो, कारण तिथे समोर ठेवलेली वस्तू खरोखर पाहावी लागते आणि पाठांतर फारसे कामाला येत नाही, निदान येऊ नये. परीक्षा पावसाळा सरता सरता येते, म्हणून जुलैपासून आम्ही शाळा सुटल्यावर जादा तास घेत असू. त्या काळी निकालाचा मान शाळेच्या फळ्यापुरता होता. पुढे दहावीच्या निकालात या परीक्षेच्या अ, ब आणि क श्रेणींना अनुक्रमे ७, ५ आणि ३ वाढीव गुण मिळू लागले, तेव्हापासून पालकही श्रेणीची चौकशी करू लागले आहेत. ज्या घरात शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा नाही त्या घराला मुलाच्या दहावीचे ७ गुण मोलाचे वाटणारच, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. तेव्हा मात्र कोणी पालक माझ्या मागे लागलेला नव्हता. घाई माझी होती.

त्याआधीची काही वर्षे

कलाशिक्षक पदविकेच्या दोन वर्षांत आमच्या सरावपाठांवर देखरेख करणारे एक वयस्कर प्राध्यापक होते. विद्यार्थ्याच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही, हा त्यांचा एकच नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. समजावून सांगायचे असेल तर फळ्यावर काढा, स्वतःच्या कागदावर काढा, हवेत बोट फिरवून दाखवा, पण त्याचा कागद त्याचाच राहू द्या, असे ते सांगत. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी हा नियम पाळला. तो पाळताना शिकवणे किती लांबते आणि तरीही किती खोल उतरते, हे मला कुंभाराच्या एका मुलाने शिकवले. त्याची हकिगत पुढे तुलनेसाठी लागणार असल्याने इथे थोडी सविस्तर सांगतो.

हा मुलगा आठवीत असताना मी टेबलावर एक माठ ठेवला. त्याने माठाचे तोंड पूर्ण गोल काढले, कंपासने काढावे तसे, आणि बूड सरळ रेषेत. इतर मुलेही असेच काढतात, पण त्याच्या बाबतीत अडचण अधिक घट्ट होती. माठाचे तोंड गोल असते हे तो नुसते ऐकून जाणत नव्हता, बापाच्या चाकावर ते गोल होताना तो लहानपणापासून पाहत आला होता आणि त्या कडेवरून त्याची बोटे फिरलेली होती. मी म्हणालो, "अरे, तुला तोंड असं दिसतंय का?" तो म्हणाला, "दिसायचं काय त्यात सर, गोलच असतंय." त्याचे उत्तर चूक नव्हते. हाताने जाणलेली वस्तू आणि डोळ्याने दिसणारी वस्तू यांत फरक असतो, ही गोष्टच त्याच्यापर्यंत कधी कोणी नेली नव्हती.

मी त्याच्या कागदाला हात लावला नाही. वर्गातल्या एका मुलीची काचेची बांगडी मागून घेतली, ती आडवी धरून त्याच्या डोळ्यांच्या बरोबर समोर आणली आणि विचारले, काय दिसते? तो म्हणाला, रेघ. बांगडी हळूहळू खाली नेली, तशी ती रेघ उघडत गेली. आधी डोळ्यासारखी अरुंद झाली, मग मोठी, आणि बांगडी पार पायांजवळ गेल्यावर जवळजवळ गोल. मग मी त्यालाच माठासमोर आधी उभे केले, मग गुडघ्यांवर बसवले आणि शेवटी जमिनीवर हनुवटी टेकायला लावली. तो बराच वेळ बसत-उठत राहिला. मुले हसत होती, त्याला त्याचे काही वाटत नव्हते. तास संपायच्या वेळी तो स्वतःहून म्हणाला, "सर, मग बूड तोंडापेक्षा जास्त वाकडं दिसाय पाहिजे, ते अजून खाली हाय." हे वाक्य मी त्याला सांगितलेले नव्हते. लंबवर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितके खाली जाते तितके उघडते, हा नियम पुस्तकात असतो आणि पाठ केला की आठवड्यात विसरतो. त्याने तो गुडघ्यांवर बसून कमावला होता. त्याला इंटरमिजिएटला 'क' श्रेणी मिळाली, कारण रंगात तो कच्चा होता आणि त्या कच्चेपणावर काम करायला आम्हाला वेळ पुरला नाही.

फळ्यावर 'क' श्रेणी लिहिताना मला वाईट वाटले होते. त्या वर्षी शेजारच्या गावातल्या शाळेत चार 'अ' आले होते.

प्रत्यक्ष घटना

आता मूळ विद्यार्थिनीकडे वळतो. ती नववीत होती, हात हलका होता, रंगाची समज उपजत होती. एलिमेंटरीला 'अ' मिळवून आल्यामुळे इंटरमिजिएटला तिच्याकडून सगळ्यांचीच अपेक्षा होती. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी स्थिरचित्राचा ग्रुप लावला होता. मागे निळे लुगडे, पुढे तांब्याची कळशी आणि कळशीच्या पायथ्याशी दोन वांगी. सगळे चांगले चालले होते, फक्त कळशीच्या पोटाची उजवी कड तिला जमत नव्हती. डावी कड फुगीर आली होती आणि उजवी चपटी, त्यामुळे कळशी कलल्यासारखी दिसे. तिने ती चार वेळा खोडली. कागदाचा पापुद्रा निघायला लागला होता आणि पुढे रंगाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्यायचा असल्यामुळे तसा कागद चालणार नव्हता. मी तिच्या मागे उभा होतो. हात पुढे केला, तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि मानेपासून बुडापर्यंत एका दमात उजवी कड उतरवली. रेष अतिशय चांगली आली. ती उमटताना मला झालेला आनंद अजून आठवतो, आणि तो आनंद चित्रकाराचा होता, शिक्षकाचा नव्हता, हे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. तीही खूश झाली. "थँक्यू सर," म्हणाली आणि पुढे रंगवू लागली.

एवढेच घडले. कोणी कोणाला दुखावले नाही, कोणाचे काही बिघडले नाही, आणि एकदाच घडून हे थांबले असते तर हे प्रकरण लिहिण्याची वेळ आली नसती.

१४ कागद तारखेप्रमाणे लावले की पुढचे सगळे दिसते. पहिल्या तीन कागदांवर माझी एकही रेष नाही. चौथा कागद कळशीचा. आमच्या दोघांच्या रेषा वेगळ्या काढणे मुळीच अवघड नाही. माझी रेष वरून खाली उतरते, सुरुवातीला ठसठशीत आणि शेवटी निमुळती. तिची रेष तुकड्यातुकड्यांनी जाते, तीनदा-चारदा थांबते, मागे येऊन पुन्हा निघते, आणि तिच्यात एक प्रकारची चाचपणी असते. पाचव्या कागदावर माझी रेष भांड्याच्या तोंडावर आहे, सहाव्यावर तोंडावर आणि कापडाच्या मुख्य घडीवर. आठव्या कागदापासून एक नवी गोष्ट दिसू लागते. अवघड जागा तिने खोडलेल्याच नाहीत, त्या तिने मोकळ्या सोडल्या आहेत. कडेच्या दोन्ही टोकांना एकेक हलकी खूण करून ती मधला भाग मी येईपर्यंत तसाच ठेवत असे. तेव्हा मला वाटले, मुलगी समजूतदार झाली, आता कागद खराब करत नाही. चौदाव्या कागदावर वस्तूंचा आकार ठरवणाऱ्या रेषा मी मोजल्या तेव्हा निम्म्याहून अधिक माझ्या निघाल्या.

प्रत्यक्ष परीक्षेत शिक्षक जवळ नसतो, मग तिला 'अ' श्रेणी कशी मिळाली, हा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही पुढे पडला, आणि त्याचे उत्तर तिनेच दिले. "समोर तांब्या ठेवलेला सर, पण मी तुमची कळशीच काढली. बारीक करून." माझ्या हाताची ती उजवी कड इतक्या वेळा तिच्या डोळ्यांसमोर उतरली होती की ती तिला पाठ झाली होती. तपासणाऱ्याला कागदावर आत्मविश्वासाची रेष दिसली आणि त्याने योग्य तीच श्रेणी दिली. समोरचा तांब्या मात्र त्या दिवशी तिने पाहिलाच नव्हता.

सांगली

दहावीनंतर तिने सांगलीला फाउंडेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तिथल्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यापासून रोज स्केचिंग करायला सांगितले, आणि सांगलीत स्केचिंग म्हटले की मुले कृष्णाकाठी जातात, हे ओघानेच आले. घाट, नावा, पलीकडची झाडे आणि १९२९ सालचा आयर्विन पूल. पुलाच्या कमानी एकामागून एक लहान होत जातात, आणि नव्या विद्यार्थ्याला त्या लहान होण्याचे प्रमाण सांभाळता सांभाळता घाम फुटतो. सगळ्यांचे पूल चुकतात, त्यात विशेष काही नाही. चुकलेला पूल पूर्ण करून मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे जाऊन बसतात.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली तेव्हा तिने मला तिची स्केचवही दाखवली. वही भरलेली होती, म्हणजे प्रत्येक पानावर काहीतरी होते. एका पानावर पुलाची पहिली कमान आणि दुसरीची अर्धी, पुढे कोरे. दुसऱ्या पानावर नावेचे टोक. तिसऱ्यावर बसलेल्या एका बाईचे डोके आणि एक खांदा. प्रत्येक चित्र पहिल्या चुकीपाशी थांबले होते. आळस म्हणावा तर पाने शंभराच्या वर होती. मी पाने उलटत होतो आणि खरे सांगायचे तर माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, कारण ती कमान कुठे चुकली होती हे मला दिसत होते. तिने ते पाहिले आणि म्हणाली, "सर, चुकलं की मला तुमची वाट बघायची सवय झालीया."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती अतिशय आदराने, जणू स्वतःचाच एखादा दोष कबूल करावा तशा सुरात बोलली, आणि त्यामुळेच ते वाक्य मला जास्त लागले. घरी येऊन मी ते १४ कागद बाहेर काढले, आणि रेषा वेगळ्या करून पाहण्याचे काम त्या रात्री प्रथम केले.

सुट्टीतले काम

आमच्याकडे जेमतेम तीन आठवडे होते. सुरुवातीला मी तिच्यावर बॉलपेनची सक्ती केली, म्हणजे खोडण्याची सोयच राहू नये. आठवडी बाजारात जाऊन शेरडे, मेंढरे आणि पालांखाली बसलेली माणसे काढायची, रेष चुकली तर ती तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायची, असे ठरले. याचा उपयोग झाला, पण अर्धवट. ती चित्र पूर्ण करू लागली, तरी पूर्ण झाले की वही लगेच माझ्यापुढे धरायची आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहायची. पेन्सिल काढून घेतली तरी निकाल माझ्याकडेच राहिला होता.

खरा बदल औंधच्या संग्रहालयात झाला आणि तो मी योजलेला नव्हता. तिथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल असे एक दगडी शिल्प आहे. त्यात नाकडोळे रेखीव नाहीत, दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि एक पाऊल बाजूला सरकले की त्याची कड पूर्ण बदलते. मी तिला म्हटले, आत कागद काढायचा नाही, नुसते पाहायचे आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन आठवणीने काढायचे. स्मरणचित्राची सवय मोडू नये, एवढाच माझा हेतू होता. ती बाहेर आली, काढू लागली, खांद्यापाशी अडली आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिले. मला तो खांदा आठवेना. ते शिल्प मी अनेक वेळा पाहिले होते, पण ते मला पाठ नव्हते आणि कळशीसारखी त्याची तयार कड माझ्या हातात नव्हती. मी तसे सांगितले. आम्ही दोघे पुन्हा आत गेलो, पाहिले, बाहेर आलो. तिला जे दिसले ते तिने काढले, मला दिसले ते मी माझ्या कागदावर काढले, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर खांदे वेगळे निघाले. मग तिसऱ्यांदा आत गेलो. मुलाच्या डोक्याच्या बाजूचा उतार तिचा बरोबर होता, माझा चुकला होता. त्या दुपारी आम्ही आतबाहेर किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब राहिला नाही, पण शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना ती मला बरोबर न घेता एकटीच उठून गेली आणि परत आल्यावर माझ्याकडे न पाहता बसून काढू लागली.

तिथून परतताना मी तिला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली, कारण ती आमच्याच भागातली आहे आणि चित्रकलेच्या वर्गात ती फारशी सांगितली जात नाही. लक्ष्मणराव १८८५ च्या सुमारास चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे तिथे लक्षात आल्याने त्यांना रंगचित्रण सोडावे लागले, परंतु यंत्ररेखाटन त्यांच्या हाती राहिले. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचेच पुतणे शंकरराव चित्रकला शिकायला लाहोरला सातवळेकरांकडे राहिले आणि १९२० पासून त्यांनी किर्लोस्करवाडीतून मासिक चालवले. चित्रकलेच्या वर्गातून एकाने यंत्र नेले आणि दुसऱ्याने छापील पान. शिक्षकाने घातलेली रेष या दोघांपैकी कोणीही जशीच्या तशी पुढे नेली नाही. ती ऐकत राहिली आणि काही बोलली नाही.

दुसरी बाजू

सारा दोष माझ्या पेन्सिलीवर टाकणे सोपे असले तरी पुराव्याला ते धरून होणार नाही. तिचे स्वतःचे म्हणणे असे की सांगलीतले पहिले चार महिने तिला इतरही कारणांनी जड गेले. वसतिगृह नवे, शहरातल्या मुलांचे बोलणे नवे, रंग-कागदाचा खर्च घरून मागताना होणारा संकोच, आणि वर्गातली बरीच मुले आपल्यापेक्षा पुढे असल्याची भावना. हे सगळे खरे आहे. त्याच शाळेतून, माझ्याच हाताखालून, मीच दुरुस्त केलेले कागद घेऊन गेलेला दुसरा एक विद्यार्थी पुढे उत्तम अक्षरलेखन करू लागला आणि त्याला अशी अडचण कधी आली नाही. सपाट ब्रश तिरका धरून अक्षराची काना-मात्रा कशी ओढायची हे शिकवताना मी त्याचा हात हातात धरून फिरवला होता, आणि तो सांगतो की मनगटाचा तो झोक शब्दांनी त्याला कळलाच नसता.

या दोन अनुभवांत विरोध आहे असे मला बरीच वर्षे वाटत होते. आज वाटत नाही. ब्रश कसा धरायचा, दाब कुठे द्यायचा, वॉश सुकण्याआधी किती चपळाईने फिरवायचा, या हाताच्या गोष्टी आहेत आणि त्या हाताने हाताला शिकवता येतात. सुतार आणि शिंपीही तशाच शिकवतात. कड कुठे आहे हे ठरवणे मात्र हाताचे काम नाही. तो निर्णय पाहणाऱ्याचा असतो, आणि मी तिच्याकडून तो निर्णय काढून घेतला होता. खोडून खोडून पापुद्रा निघालेला तो चौथा कागद वाया जाऊ दिला असता आणि तिला उठवून कळशीच्या उजव्या बाजूला नेऊन उभे केले असते, तर कदाचित त्या दिवशी चित्र पूर्ण झाले नसते. ते अपूर्ण राहायला हवे होते.

कुंभाराचा मुलगा आज किर्लोस्करवाडी परिसरातील एका छोट्या फाउंड्रीत पॅटर्न बनवतो, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला तेव्हा त्याने आपणहून विषय काढला. नवीन पोरे ड्रॉइंग वाचतात पण वस्तू फिरवून बघत नाहीत, असे तो म्हणाला. तो स्वतः पॅटर्न हातात घेतल्यावर आधी मध्यरेषा मारतो, मग खाली बसून एकदा आणि उभे राहून एकदा तो पाहतो. बांगडीचा उल्लेख त्याने केला नाही. मीही केला नाही. त्याच्या बाबतीत माझे शिकवणे टिकले असे म्हणताना मी थोडा जपतो, कारण त्याच्या बापाच्या चाकाने त्याला माझ्याआधीच बरेच काही शिकवले होते. पण खाली बसून पाहणे हे त्याने त्या तासाला पहिल्यांदा केले, एवढे मी पाहिलेले आहे.

सध्याची स्थिती

त्या विद्यार्थिनीने फाउंडेशननंतर कलाशिक्षक पदविका पूर्ण केली आणि आता ती सांगलीतल्या एका शाळेत शिकवते. सुट्टीत कृष्णाकाठी तिचे जलरंगातले काम चालू असते. तिच्या चित्रांतली रेष आजही तुकड्यातुकड्यांनी, थांबत जाते, आणि मला ती फार आवडते. पहिल्या तीन कागदांवरची ती तशीच राहिली आहे.

मागच्या पावसाळ्यात मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास पाहिला. टेबलावर स्टीलचा डबा आणि पेरू ठेवले होते. सातवीतला एक मुलगा कागद घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, डब्याचं झाकण बरोबर करून द्या ना." तिने कागद हातात घेतला नाही. त्याला टेबलाजवळ पाठवले आणि विचारले, "झाकणाचा मागचा काठ दिसतोय का तुला? किती दिसतोय, बोटांनी धरून दाखव." त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फट धरून दाखवली आणि ती फट तशीच सांभाळत जागेवर गेला. थोड्या वेळाने रंग लावताना त्याचा ब्रश कागदावर घासू लागला, तेव्हा मात्र ती त्याच्याजवळ गेली, एका कोऱ्या तुकड्यावर त्याचा हात धरून दोनदा वॉश फिरवून दाखवला आणि हात सोडून दिला. तास संपल्यावर मी विचारले, हा नियम कुठून आणला. ती म्हणाली, अर्धा तुमच्याकडचा आहे सर, आणि अर्धा त्या पायऱ्यांवरचा. मग तिने चौथा कागद मागितला, वर्गात लावायला. तो मी तिला देऊन आलो आहे. कळशीच्या उजव्या कडेखाली तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे : ही रेष सरांची.